कानटोपी आणि अर्धा डाव

मे महिन्यात, पुण्याच्या भर उन्हात, पंख्याखाली बसलेला माणूस कानटोपी चढवतो आहे असं दिसलं की तुम्ही काय समजाल? ताप असेल, नाहीतर डोकं फिरलं असेल. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मात्र लहान पोरंसुद्धा समजायची, की साहेब कॉम्प्युटरला बसले. पाठोपाठ त्यांचा खणखणीत आवाज जिन्यात यायचा.

"मीच आहो जी! मीच आहो! पाहा नीट!"

साहेब माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे नागपूरकडचे. सरकारी कचेरीत कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले, त्याच्या आधीपासून पुण्यात होते, पण बोली त्यांनी इथल्या हवेला लागू दिली नव्हती. "ताई, काय करून राहिले?" असं विचारत ते दारात उभे राहायचे. मी पक्की पुणेरी. "दिसत नाही का?" असं म्हणायची सवय. पण त्यांच्या त्या 'जी'पुढे माझी जीभ जरा बोथट व्हायची, हे मान्य करायला हवं.

कानटोपीची भानगड अशी. त्यांची लेक बंगळूरला असते. एका डिसेंबरात ती आली आणि बाबांचा जुना, पेटीएवढा कॉम्प्युटर दुकानात बदलीला देऊन नवा लॅपटॉप घेऊन आली. जुन्यातली यंत्रणा फार जुनी झाली होती, सुरक्षित राहिली नव्हती, वगैरे. नव्या यंत्रणेला तोंड दाखवलं की ती आपोआप उघडायची. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. साहेब कानटोपी घालून, कवळी न लावता चहा घेत होते. लेकीने तशीच त्यांची ओळख यंत्राला करून दिली. टोपीतलं, बोळकं तोंड. यंत्राने ते जे धरून ठेवलं, ते धरूनच ठेवलं.

मग उन्हाळा आला. साहेब टोपी न घालता समोर बसले की पडद्यावर एक डोळा उघडायचा, डावी-उजवीकडे फिरायचा आणि खाली अक्षरं यायची: तुम्हाला शोधत आहे.

"अजी, समोर तर बसलो आहो! शोधून कोणाला राहिला?"

चार आकडे टाकले तरी ते उघडायचं. लेकीने आकडे पाठ करून दिले होते. मी तेच सांगितलं, तर साहेब दुखावले. "ताई, आकडा तर कोणीही टाकेल. घरातल्या वस्तूने घरच्या माणसाला ओळखायला पाहिजे की नाही?" आणि कवळी वाटीत काढून, कानटोपी चढवून ते पुन्हा बसले. डोळा मिचकला. उघडलं. साहेबांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून तोच रोजचा विधी झाला.

आता मला का बोलावलं, ते सांगते. सोसायटीत माझी कीर्ती होती, की आजींना कॉम्प्युटरमधलं कळतं. ही कीर्ती मीच पसरवली होती. मी बँकेत होते. तरुणपणी याच कॉम्प्युटरविरुद्ध मोर्चात चालले, मुठी आवळून घोषणा दिल्या, 'आमच्या पोटावर पाय' वगैरे. पुढे बँकेने प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचं म्हणून विचारलं, तेव्हा सर्वांत आधी हात कोणाचा वर? माझा! परत आले ती नाक छताला लावून. मशीनच्या खोलीबाहेर सगळ्यांना चपला काढायला लावायची. मशीनला भरतकाम केलेलं झाकण शिवलं होतं मी, झालर लावून. हळदीकुंकू वाहायचं तेवढं राहिलं. ती बाई आज माझी कोणी लागत नाही. दिसली तर रस्ता बदलेन.

पण तिचा तोरा अजून थोडा उरला होता. "पाच मिनिटांचं काम," असं म्हणत मी चष्मा चढवून साहेबांच्या घरात शिरले आणि दुपारपर्यंत तिथेच होते.

त्या नव्या यंत्रणेत काहीच जागेवर नव्हतं. सुरुवात करायचं बटण जन्मभर डाव्या कोपऱ्यात असायचं, ते सरकून मधोमध आलं होतं. साहेबांचा हात दर वेळी कोपऱ्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. "बदलीवरून परत आलो आणि माझी खुर्ची कोणी उचलून मधात ठेवली, तसं झालं पाहा," ते म्हणाले.

शिवाय ते यंत्र सारखं काहीतरी विचारायचं. तुम्ही-आम्ही काय करतो? न वाचता 'हो' दाबतो. साहेब तसे नव्हते. त्यांच्या हिशेबी पडद्यावर उगवलेला प्रत्येक चौकोन म्हणजे टेबलावर आलेला अर्ज. तो पूर्ण वाचायचा, विचार करायचा आणि मोठ्याने निकाल द्यायचा. "नामंजूर." "मंजूर." "हे आपल्या अखत्यारीत नाही." एकदा यंत्राने विचारलं, दुरुस्ती आत्ता करू की नंतर? साहेब हातावर हात ठेवून बसले. "नंतर म्हणजे कधी? तारीख टाकली नाही याने. अपुरा अर्ज आहे."

मी हसून हसून दमले. मग विचारलं, "पण साहेब, तुम्हाला नेमकं हवंय काय?"

ते उठून भिंतीपाशी गेले. तिथे तथागतांची तसबीर होती आणि शेजारी बाईंचा फोटो. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या मला चांगल्या आठवतात. कमी बोलायच्या, आणि दुपारी सगळं आवरलं की कॉम्प्युटरवर पत्ते लावत बसायच्या. एकट्याने लावायचे असतात ना, ते. मी आत डोकावले तर म्हणायच्या, "बसा, हा डाव संपू द्या." तो कधी संपायचा नाही, आणि मी कधी बसायची नाही.

"तिचा डाव पाहिजे," साहेब म्हणाले.

एकदा सकाळीच, कुकर लावून बाई अशाच पत्ते लावत होत्या. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठल्या. गॅसपर्यंत पोचल्या; खुर्चीपर्यंत परत आल्या नाहीत. दवाखान्यातून साहेब एकटेच घरी आले, तर पडदा उजळलेलाच होता आणि त्यावर अर्धा डाव मांडलेला. त्यांनी तो बंद करायला घेतला. जुन्या यंत्रणेने विचारलं, हा डाव जपून ठेवायचा आहे का? त्या परिस्थितीतसुद्धा साहेबांनी अर्ज पूर्ण वाचला. आणि म्हणाले, "मंजूर."

तेव्हापासून रोज सकाळी अकराला ते मशीन सुरू करायचे. मशीन विचारायचं, मागचा डाव पुढे चालू ठेवायचा? हो. डाव उघडायचा. साहेब बघत बसायचे. एकाही पानाला हात लावायचे नाहीत. मग बंद करताना पुन्हा: जपून ठेवायचा? मंजूर. अशी कित्येक वर्षं गेली होती आणि समोरच्या दारात राहून मला पत्ता नव्हता. मला वाटायचं, म्हातारा शेअर बाजार बघतो.

लेकीने नव्या मशीनमध्ये सगळं आणलं होतं. फोटो, पेन्शनचे कागद, बाईंच्या आवडीची गाणी. अर्धा डाव ही आणायची गोष्ट असते, हे तिला कसं कळावं? साहेबांनी तिला सांगितलंही नाही. "पोरीने हौसेने आणलं. तिला कायला सांगू?" दुकानदाराकडे ते स्वतः जाऊन आले होते. जुनं मशीन, आतलं सगळं पुसून, कोणाला तरी विकलं गेलं होतं.

मी नव्या यंत्रणेत पत्त्यांचा खेळ शोधून काढला. तो उघडताच जाहिरात आली. मग नाव-पत्ता मागितला. मग डाव आला, भडक रंगाचा, आणि मी चुकून कुठेतरी बोट लावलं तर सोनेरी तारे उडाले आणि 'छान सुरुवात!' अशी अक्षरं आली.

साहेबांनी ती अक्षरं पूर्ण वाचली. "हा मला शाबासकी देऊन राहिला, ताई. मी तर काहीच केलं नाही." आणि कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

मी हरले. बँकेतल्या त्या झालरवालीला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. आणि घरी जाऊन माझा पत्त्यांचा जोड घेऊन आले. भिशीत आम्ही बायका रमी खेळतो तो, कडा मळलेला.

"डाव आठवतो?" मी विचारलं.

काय विचारता! त्यांनी डोळे मिटले आणि टीपॉयवर बोट फिरवत सांगायला लागले. इथे किलवर राजा, त्याच्यावर चौकट राणी. इथे बदाम दश्शी. शेवटच्या रांगेत इस्पिक नव्वी. उघडी पानं सगळी पाठ. मी मांडत गेले. पण त्या रांगांखाली पालथी पानंही असतात. ती कोणती, हे बाईंना माहीत नव्हतं, साहेबांना नव्हतं. एका त्या मशीनला माहीत होतं, आणि मशीन आता पुसलं गेलं होतं.

साहेब अडले. "ती कशी लावायची?"

"तुम्ही जरा गॅलरीत जा," मी म्हटलं. ते गेले. उरलेले पत्ते मी पिसले आणि न बघता पालथे सरकवले. रमीत मी लबाडी करते, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी केली नाही.

साहेब आत आले. डावावरून एकदा बोट फिरवलं. मग अगदी हळू, ऑफिसात शिपायाने फाईल आणून द्यावी आणि ती बरोबर निघावी, तसं म्हणाले, "हाच."

मी खेळणारी बाई. माझ्या नजरेला एक गोष्ट लगेच टोचली. "अहो साहेब, ही इस्पिक नव्वी सरळ त्या बदाम दश्शीवर जाते की! समोर चाल आहे."

"मला पहिल्या दिवसापासून दिसून राहिली आहे."

"मग करा ना."

"तिची चाल आहे जी," ते म्हणाले. "ती उठली तेव्हा तिचीच पाळी होती."

एकट्याच्या खेळात पाळी कोणाची असते, हे विचारण्याचा वात्रटपणा माझ्या ओठावर आला होता. मी तो गिळला. माझ्या आयुष्यात असं फार वेळा घडलेलं नाही.

त्यानंतर तो डाव टीपॉयवरच राहिला. पंखा लावायचा झाला तर पानांवर काच ठेवायची. झाडायला येणाऱ्या मावशींना त्या टीपॉयकडे जायची बंदी. सकाळी अकराला कानटोपी, "मीच आहो जी", लॅपटॉप उघडणं, दोन-चार अर्ज निकाली काढणं; आणि मग खुर्ची टीपॉयकडे वळवून बसणं. मी कधी जाऊन बसायची. चहा व्हायचा. "करा की चाल," मी डिवचायची. "तिला येऊ द्या," ते म्हणायचे. ते सहज म्हणायचे, पण स्वयंपाकघरात काही वाजलं की दोघांचीही मान तिकडे वळायची. आधी कोणाची, ते मी सांगणार नाही.

एका सकाळी अकरा वाजून गेले तरी जिन्यात आवाज आला नाही. मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते बंद केलं. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. साहेब खुर्चीत होते. डोक्यावर कानटोपी नीट चढवलेली, वाटीत कवळी. मान किंचित खाली गेली होती, म्हणून यंत्राला चेहरा दिसत नव्हता. पडद्यावर डोळा उघडा होता, डावी-उजवीकडे फिरत होता. तुम्हाला शोधत आहे. मी आधी तो लॅपटॉप मिटला. मग लोकांना हाका मारल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या सकाळी लेक बाबांचे कागद काढायला लॅपटॉपपुढे बसली. मी सोबतीला होते. डोळा उघडला, शोधू लागला. मी सवयीने उठले आणि खुंटीवरची कानटोपी आणून तिच्या हातात दिली.

"काकू, टोपी कशाला?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, टोपीचं, कुकरचं, डावाचं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. तोंड तिचं थेट बाबांसारखं. तिने टोपी घातली, ओठ आत घेतले आणि पडद्यापुढे वाकली.

"मीच आहो जी," ती म्हणाली. आमची पुण्यात वाढलेली पोर, पण तो शब्द तिला अगदी तसाच आला.

डोळा खूप वेळ फिरला. उघडलं नाही. तिने चार आकडे टाकले, पण मग पडद्याकडे बघितलंच नाही. वळून टीपॉयपाशी गेली आणि काच उचलली.

"काकू, तुम्ही म्हणालात चाल बाकी आहे. इथे तर झालेली आहे."

मी चष्मा चढवला. इस्पिक नव्वी बदाम दश्शीवर बसली होती, कड जुळवून, नीट. तिच्या जुन्या जागी एक पालथं पान उरलं होतं.

मावशींना बंदी होती. लेकीने त्या क्षणापर्यंत काच उचलली नव्हती. मी लबाड आहे, पण मी हात लावलेला नाही. तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. साहेबांनी त्या सकाळी, टोपी चढवण्याआधी, ती चाल केली असेल. तसंच असणार. पण पान सरकवल्यावर खालचं पालथं उघडायचं, हा तर खेळाचा पहिला नियम. एकही अर्ज अर्धवट न सोडणाऱ्या माणसाने ते तसंच का ठेवावं?

लेकीचं बोट त्या पानाच्या कडेवर होतं. मागे लॅपटॉपचा उजेड आपोआप मंद झाला आणि डोळा पुन्हा उघडला.

"उघडू का, काकू?"

स्वयंपाकघरात काहीतरी वाजलं. तिने तिकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

"थांब जरा," मी म्हटलं. "तुझी आई कुकर बंद करून येऊ दे."