बारा फ्लेक्सवरचा चेहरा

पंचायत समितीत दहाला पालकांची सभा होती आणि सव्वानऊला उज्वलाला नांदेडहून मारोतीचा फोन आला. मारोतीचं फ्लेक्सचं दुकान.

"म्याडम, टेम्पो पोचला का नायगावला? तुमचं पोस्टर लई रिकामं दिसून राहिलं होतं. मग मी आपल्या ऋतुजाचा फोटो टाकून दिला. मागच्या साली बड्डेचं ब्यानर केलं होतं, तोच. कापून तयार होता."

"कोणत्या पोस्टरवर?"

"बाराच्या बारा."

उज्वला नायगावच्याच शाळेत चित्रकला शिकवायची. डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे हुशार मुलांनाही वाचता-लिहिताना येणाऱ्या अडचणीबद्दल, तालुक्यात फलक लावायचे ठरले, तेव्हा ते काम तिनं मागून घेतलं होतं. का मागून घेतलं, हे कुणी विचारलं नाही. दोन महिने ती त्यावर खपली. मजकूर छाटला, अक्षरं मोठी केली आणि चेहरा मुद्दाम टाळला. नुसती एक उघडी वही, वहीवर टेकलेला लहान हात, खाली ओळ: 'हे मूल मठ्ठ नाही. लपवू नका, तपासून घ्या.'

पण फ्लेक्स म्हटला की चेहरा पाहिजेच. वाढदिवस, निवड, परीक्षेतलं यश, श्रद्धांजली. मारोतीनं आजवर चेहऱ्याशिवाय काही छापलंच नव्हतं. त्याला वाटलं, म्याडम लाजून राहिल्या.

उज्वलाच्या लेकीची, ऋतुजाची, तपासणी दीड वर्षापूर्वी लातूरला झाली होती. नांदेड जवळ होतं, पण तिथल्या दवाखान्यात नायगावचं कुणी ना कुणी भेटतंच. परतताना एसटीत दयानंद, उज्वलाचा नवरा, एवढंच म्हणाला होता, "घरात बोलायचं न्हाई. उद्या पोरीचं लग्न करायचंय." सासूबाईंना अजूनही वाटत होतं की लातूरला डोळे दाखवले.

फोन आला तेव्हा गाडीवर मागे ऋतुजा दप्तर घेऊन बसलेलीच होती. तिला शाळेत सोडावं, तर शाळेच्या फाटकावरही एक फ्लेक्स लागणार होता.

"आज शाळा नको," उज्वला म्हणाली.

"का गं? चाचणी हाय ना."

"नको म्हटलं ना."

पंचायत समितीच्या फाटकाशी शिपाई शेषेराव शिडीवर चढला होता. तीन कोपरे बांधून झाले होते. वहीच्या वर, रिकाम्या ठेवलेल्या जागेत, ऋतुजा हसत होती.

"शेषेरावमामा, खाली घ्या ते."

"आत्ताच तर बांधलं, बाई. सायबांनी बघितलं, चांगलं हाय म्हणाले."

"चुकीचं छापलंय. आधी सोडा."

सभेला आलेल्या बाया वर बघत होत्या. त्यातली एक जवळ आली. साखराबाई, शेतातून तशीच आलेली, पदराला कडब्याची कुसळं. तिनं फलकाकडे बघितलं, मग गाडीजवळ उभ्या ऋतुजाकडे.

"ही तीच पोरगी न्हवं?" आवाज खाली घेऊन तिनं विचारलं. "हिला बी वाचाया येत न्हाई का, बाई? माझ्या लेकीला मास्तर ढ म्हणतेत. पाचवीला गेली, तरी फळ्यावरचं उतरवताना रडती."

उज्वलाच्या तोंडात उत्तर तयार होतं. मॉडेल म्हणून घेतला फोटो, एवढं म्हटलं की संपलं असतं. तिनं ऋतुजाकडे बघितलं. ऋतुजा तिच्याचकडे बघत होती, आई काय बोलते याची वाट बघत, ओठ आवळून.

"मामा, थांबा जरा," उज्वला म्हणाली. मग लेकीपाशी जाऊन हळूच, "काय सांगू?"

ऋतुजानं वर फलकाकडे बघितलं. दप्तराचा पट्टा तिनं मुठीत पिळला होता.

"येतं मला वाचाया," ती साखराबाईला म्हणाली. "पण लई येळ लागतो." मग आईकडे वळून, "हा फोटो काढाय सांग. ह्यात माझे दात पडल्याले हायत. सगळे हसतील."

"फोटो काढते. बाराही ठिकाणचे."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं राहू दे?"

ऋतुजानं मानेनंच हो म्हटलं. शेषेरावानं फोटोवर चिकटवायला कार्यालयातून पांढरा कागद आणि डिंक आणला.

पर्समध्ये फोन वाजू लागला. दयानंदचा होता, शाळेच्या फाटकावरून कुणी ना कुणी गेलंच असणार. उज्वलानं तो वाजू दिला.

"लातूरला दाखवलं आम्ही," ती साखराबाईला सांगू लागली. "एकट्या जाऊ नका. पुढच्या सोमवारी मी येते संगं."

फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला.