मोंढ्यात माल नव्हता तेव्हा

उदगीरच्या मोंढ्यात हमाल संघटनेचं ऑफिस मी सांभाळायचो. पोत्यांची थप्पी कधीतरी हलते, किस्स्यांची हलत नाही. त्या दुष्काळात तर माल येईना, आणि रिकामे हमाल बोलल्याशिवाय राहीनात!

*

आमचे मुकादम गफूरमामा. मल्लप्पा आडत्यानं दुकानात कॉम्प्युटर बसवला, तुरीचे सौदे स्क्रीनवर सुरू केले. मामा दारात उभे.

"आप्पा, तूर विकली म्हनं?"

"विकली."

"मग पोती उचलू?"

"थांबा मामा, घेणाऱ्यानं पुढं विकली."

"आता उचलू?"

"त्यानंबी विकली की!"

मामांनी टॉवेल झटकला. "आप्पा, त्या तुरीला एकदा भाईर तरी फिरवून आनू द्या!"

*

'उदगीर जिल्हा करा' म्हणून बंद होता. पुढारी पाठिंबा मागायला आले. मामा म्हणाले, "पाठिंबा हाय. पन कलेक्टरसायबाचं सामान आमचीच टोळी उतरवनार, हे आत्ताच ठरवा!"

पुढाऱ्यानं शब्द दिला. टोळी अजून तयारच आहे!

*

एकदा दिवसभरात एकच ट्रक आला. तरुण पोरं धावली. मामांनी अडवलं, "सगळ्यांनी वाटून उचलायचं. म्हाताऱ्यांनीबी."

नागनाथ आमच्यातला सगळ्यात तगडा. म्हणाला, "मामा, तुमचं पोतं मी उचलतो."

"उचल की! हजेरी माझी लाव म्हंजे झालं!"

*

एका फायनान्स कंपनीनं गावाबाहेर गोदाम घेतलं. तूर भरून ठेवायची, भाव चढला की विकायची. ठेकेदारानं आम्हाला डावलून कर्नाटकातनं कमी मजुरीत माणसं आणली.

नागनाथ तापला. "हाकलून लावू!"

आम्ही निघालो. मामांनी पाण्याचे जार सोबत घ्यायला लावले. म्हणाले, "भांडून घसा सुकतो."

ती माणसं ट्रकच्या सावलीत बसली होती. ओठ फुटलेले. कंपनीनं पाणी ठेवलंच नव्हतं. नागनाथ बाह्या सरसावून पुढं झाला, तर त्यांच्यातला एक म्हातारा एवढंच म्हणाला, "नीरू."

पाणी!

नागनाथ थबकला. मग त्यानं जार उचलला आणि एकेकाच्या ओंजळीत ओतत गेला.

मामा त्यांच्याशी कानडीत बोलत बसले. ठरलं, कमी मजुरीत कुणीच पोत्याला हात लावायचा नाही. ती माणसं आमच्यातच येऊन बसली. ट्रक तसाच उभा.

दुपार कलल्यावर कंपनीचा साहेब आला. गाडीतूनच ओरडला, "काम सुरू करा, नाहीतर उद्या दुसरी माणसं आणतो!"

मामांनी जार हलवून पाहिला.

"आना की सायेब. पानी हाय अजून!"