सविताची येळवस

सांगलीहून निघताना मुलानं उंबऱ्यातच विचारलं, "आई, एवढ्या लांब, तेही अमावास्येला, कशाला?" मी म्हटलं, अभ्यासाला. पोस्टातली नोकरी संपल्यावर मी बी.ए.ला नाव घातलं आणि त्यात मानववंशशास्त्र घेतलं, हे आमच्या घरात अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही. पुस्तकात आधी शेतीचा आरंभ, मग नातेसंबंध, मग धर्म. तिन्ही प्रकरणं घोकली, पण डोक्यात काही शिरेना. शेवटी शेजारच्या मंगलनं उपाय काढला. तिची थोरली बहीण निर्मला धाराशिव जिल्ह्यात तेरला असते. "तिच्याकडं वेळ अमावास्येला जा, तिन्ही धडे एका दिवसात होतील," म्हणाली. झालं, मी पिशवी भरली. एकदा मनात आलं की मी कुणाच्या बापाला ऐकत नाही.

धाराशिवच्या स्टँडवर याच उतावळेपणानं घोळ केला. गर्दीत पाटीवरचं 'तेर' तेवढं वाचलं आणि आत घुसून खिडकी पकडली. वाहक तिकीट द्यायला आला तेव्हा कळलं, ही गाडी तेरखेड्याची, फटाके बनवणाऱ्या गावाची. तेर राहिलं भलतीकडंच. "आता येरमाळ्याला उतरा मावशी, परतीची गाडी तिथं लगेच मिळंल," तो म्हणाला. उतरले. येडेश्वरीच्या डोंगराला रस्त्यावरूनच हात जोडले आणि हायवेच्या कडेला एका हॉटेलात चहा घेतला. मालक बाकडी आवरत होता. उद्या हॉटेल बंद, म्हणाला. का, तर येळवस (वेळ अमावास्या). उद्या गावात माणूस सापडायचं नाही, सगळे रानात. मी कुठली, कुणाकडं चाललेय, सगळं विचारून घेतलं आणि चहाचे पैसे घ्यायला तयार होईना. मी टेबलावर ठेवून आले.

तेरला पोचले तेव्हा तिथलं संग्रहालय बंद व्हायला थोडा वेळ होता. तेरणेकाठचं हे गाव फार जुनं. टेकाडं उकरली की जुनं काहीबाही निघतं आणि ते इथं येऊन बसतं. मातीचे रांजण, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या बायका. त्यांच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. बी जमिनीत टाकून वाट बघण्याची खटपट आधी बायकांनीच केली असावी, असं आमच्या पुस्तकात म्हटलंय. ते वाचताना मला काही वाटलं नव्हतं. इथं मात्र ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू.

न्यायला निर्मलाकाकींची मुलगी सविता स्कूटी घेऊन आली. पस्तिशीची, काटक, बोलणं मोजकं. फारकत होऊन ती माहेरी परतली त्याला काही वर्षं झाली. वडील होते तोवर त्यांच्याबरोबर आणि ते गेल्यावर एकटीनं, ती शेत करते. यंदाची ज्वारी आणि हरभरा तिनंच पेरलेला. गेल्या साली घरात दुःख म्हणून येळवस झाली नव्हती. त्यामुळं वडिलांमागची ही पहिलीच.

चहा होतोय तोवर सविताचे चुलते अंकुशराव आले. आमच्या पुस्तकातलं 'पितृवंश' हे प्रकरण टोपी घालून समोर येऊन बसलं म्हणा ना. येळवशीला आंबिलीचं बिंदगं (ताक आणि ज्वारीच्या पिठाच्या पातळ पेजेचं भांडं) घेऊन शेताला फेरी घालतात, पिकावर आंबील शिंपडतात. पुढचा हाक देतो, "ओलगे ओलगे." मागचा ओ देतो, "सालम पलगे." अर्थ कुणाला सांगता आला नाही, कानडी असावं म्हणतात. पण फेरी ज्याची, शेत त्याच्या हातचं, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक. अंकुशरावांचं म्हणणं होतं, यंदा फेरी मी घालणार आणि पुढच्या पेरणीपासून दोन्ही भावांचं रान माझा मुलगा करणार. निर्मलाकाकींना त्यांनी विधवा म्हणून बाजूला ठेवलं. सविताबद्दल म्हणाले, लेक एकदा दिली की तिचं कूळ बदललं, फारकत झाली म्हणून ते परत येत नाही. मग हिचं कूळ आता कुठलं, मी मध्येच विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मंगल बरी आहे का, असं विचारलं.

सातबाऱ्यावर मायलेकींची नावं आहेत. पण कागदावर नाव असणं वेगळं आणि गावानं मानणं वेगळं. नांगरटीला ट्रॅक्टर मिळतो, खुरपायला बायका येतात, पाण्याची पाळी सुटते, ते गाव मानतं म्हणून. चुलते उठून गेल्यावर सविता एवढंच म्हणाली, "बिंदगं म्याच उचलणार." काकी आंबिलीचं पीठ चाळायला बसल्या.

सकाळी तिनं खरंच उचललं. बिंदगं डोक्यावर, पाय अनवाणी, गावातल्या मधल्या रस्त्यानं. मागून काकी जेवणाची पाटी घेऊन आणि त्यांच्या मागं मी धापा टाकत. काळ्या रानातून जाताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला, मग मीही अनवाणी. चोहीकडं शिवार माणसांनी फुललेलं. ज्याच्या त्याच्या शेतात कडब्याची कोप (लहानशी खोप) उभी होती. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, त्यांना पांडव म्हणतात. शेजारी लक्ष्मी. ना भटजी, ना देऊळ. दोन जुड्या कडबा आणि मुठीएवढे दगड, की झाला देव. सविताने पूजा केली, नैवेद्य दाखवला.

तेवढ्यात बांधावरून अंकुशराव आले. कोपीसमोरचं बिंदगं बघून त्यांचा चेहरा उतरला. आरडाओरडा मात्र केला नाही. आमच्याकडं पाठ करून बांधावर बसले, तंबाखू मळायला घेतली आणि म्हणाले, "फीर तू. बघू कोण ओ देतंय."

काकींनी हातातलं ताट खाली ठेवलं. मला आधी कळेना. मग त्यांनी हळूच समजावलं. ओ आल्याशिवाय फेरी होत नाही, पिकानं ऐकलं नाही असं धरतात, आणि शेजारच्या रानातली सगळी माणसं बघत होती. "मग मी देते की ओ," मी पदर खोचत म्हटलं. काकींनी माझा दंड धरला.

"तुमी पाव्हण्या हाव. पाव्हण्याचा ओ चालत न्हाय, शेताला भावकीतल्या गड्याचाच लागतो."

काय करावं कळेना. नात्यांवरची तीस पानं पाठ असून माझा काडीचा उपयोग नव्हता. बांधावर पाठ करून बसलेल्या त्या माणसाचा मला भयंकर राग आला.

सविताने बिंदगं कमरेवर घेतलं आणि ज्वारीच्या कडेनं चालू लागली. आंबील शिंपडली. "ओलगे ओलगे." कुणी ओ दिला नाही. शेजारच्या रानातली जेवणं थांबली होती. थोडं पुढं जाऊन तिनं पुन्हा हाक दिली, आवाज चिरकला. तरी ती चालतच राहिली. कोपऱ्यावर थांबली, श्वास घेतला आणि तिसरी हाक दिली ती खालच्या पट्टीत, शेवटचं अक्षर लांबवून. माझ्याशेजारी काकींनी तोंडाला पदर लावला. हुबेहूब तिच्या बापाची हाक, म्हणाल्या.

आणि बांधावरून ओ आला. "सालम पलगे."

अंकुशरावांच्या तळव्यावर तंबाखू तशीच होती. आपण काय बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं असावं, कारण ते दचकून उभे राहिले. लहानपणापासून प्रत्येक येळवशीला हे थोरल्या भावाच्या मागं चालले. हाक कधी दिलीच नाही, फक्त ओ दिला. ती हाक कानावर पडली आणि तोंड आपोआप उघडलं. आता मागं घ्यायची सोय नव्हती, सगळ्या शिवारानं ऐकलं होतं. एकदा ओ दिला की अर्ध्यात फेरी सोडत नाहीत. तंबाखू झटकून टोपी नीट करत ते पुतणीच्या मागं जाऊन उभे राहिले. सविताने मागं वळून बघितलंसुद्धा नाही. पुढची हाक दिली. पुढचा ओ आला. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

जेवायला भज्जी (कडधान्यं आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भाजी), बाजरीचे उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), गव्हाची खीर आणि वर आंबील. मी लाज सोडून जेवले. अंकुशरावांना पहिलं ताट सविताने वाढलं. त्यांनी आंबिलीचा घोट घेतला आणि खाली बघूनच म्हणाले, "पातळ झालीया. तुझा बाप घट्ट करायला लावायचा." हरभरा बरा आलाय, असंही ते उठताना म्हणाले, पण ते बांधाला उद्देशून.

दुसऱ्या दिवशी सविता मला स्टँडवर सोडायला आली. या खेपेला मी पाटी नीट दोनदा वाचली. गाडीत चढण्याआधी मनात होतं ते विचारून टाकलं, की अगं, काकांनी ओ दिलाच नसता तर?

ती स्कूटीवर बसूनच होती. "तर देईस्तवर फिरले असते. शेत आपलंच हाय, किती बी फेरे घालता येतात."

गाडी सुटली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि रिकाम्या कोपींभोवती शेळ्या फिरत होत्या. पुस्तक पिशवीत होतं, काढावंसं वाटलं नाही. परीक्षेत कूळ आणि वंशावर प्रश्न येणार, तो दरवर्षी असतोच. लिहीन मी उत्तर. तपासणाऱ्याला पटलं नाही, तर पुन्हा बसेन.