नुसती ची

"मास्तर, आधी उभं तर ऱ्हावा," असं म्हणत आप्पा माझ्या हातातली परीक्षानळी काढून घ्यायचे आणि स्टँडमध्ये ठेवायचे. तोवर प्रयोगशाळेच्या खिडकीपासून दारापर्यंत माझ्या कितीतरी खेपा झालेल्या असायच्या. माझं मला ते कळायचं नाही, पण त्यांचं लक्ष असायचं.

शिरूरच्या त्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. पुण्यात राहून संशोधन करायचं मनात होतं, ते जमलं नव्हतं. त्यामुळे इथं आलो तरी मन टेकत नव्हतं. वर्गात एक वाक्य संपायच्या आत मी दुसरं सुरू करायचो. जेवताना पाय हलत राहायचा. छातीत उगाचच धडधडायचं. डॉक्टरांनी तपासून 'काही झालेलं नाही' म्हणून सांगितलं, तेव्हा तर मी आणखीच अस्वस्थ झालो.

आप्पा शाळेचे शिपाई. गाव केंदूर. घराणं पूर्वी मेंढरांमागे फिरणारं. वडील शेतीत स्थिरावले आणि हे दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेले. आसामातल्या लष्करी इस्पितळात वॉर्डबॉय होते. परत आले ते एक विचित्र सवय घेऊन. रोज सकाळी शाळा उघडण्याआधी ते मैदानाच्या कडेला उभे राहायचे. गुडघे जरासे वाकलेले, हात पोटासमोर, मोठं मडकं कवेत धरल्यासारखे. अर्धा तास हलायचे नाहीत. पोरं म्हणायची, आप्पांची एस.टी. अजून आली नाही. तुम्हीही असं कुणीतरी पाहिलं असेल, ज्याच्या तऱ्हेवाईकपणाची गावाला इतकी सवय होते की कारण विचारायचं कुणाला सुचत नाही. मी विचारलं.

"वॉर्डात एक चिनी शिपाई व्हता, त्यानं शिकवलं," ते म्हणाले. "असं उभं ऱ्हायलं की अंगात फिरती. ची."

"कुणाची?"

"कुणाचीच न्हाई. नुसती ची."

त्यांनी मलाही उभं केलं. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या. "श्वास ओढू नका, येतोय तसा येऊ द्या," एवढंच ते सांगत. महिन्याभरात छातीतली धडधड कमी झाली. एखादा माणूस यावर समाधान मानून गप्प बसला असता. मला मात्र आता ते का झालं हे शोधून काढायची घाई सुटली.

पुण्याच्या एका कॉलेजात माझा मित्र प्राणिशास्त्र शिकवत होता. त्यानं मला एका परदेशी मासिकातलं छायाचित्र दाखवलं. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अगदी बारीक कण असतात. आपण खातो ते अन्न आणि श्वासातला प्राणवायू यांच्यापासून ते कण पेशीला वापरता येईल अशी शक्ती तयार करतात. ते चित्र पाहून मी परतीच्या गाडीत बसूच शकलो नाही, शिरूरपर्यंत दांडी धरून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पेशी काढून मी आप्पांना सगळं समजावलं.

"म्हंजी कणाकणात चूल हाय," ते म्हणाले.

"तसंच काहीसं."

"मग राख कुठं जाती?"

इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला हा प्रश्न विचारलेला नाही. बाहेर पडणाऱ्या श्वासातून जाते, असं सांगितल्यावर त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि हाताकडे बघितलं, जणू काजळी दिसेल. आम्ही दोघं हसलो.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मी एका साप्ताहिकाला लेख पाठवला आणि तो छापून आला. चिनी लोक अंगातल्या ज्या प्राणशक्तीला ची म्हणतात, ती म्हणजेच पेशीतली ही शक्ती, असं मी ठणकावून लिहिलं. शेवटी एक वाक्य जोडलं: अशा उभं राहण्यानं रोगानं विझत आलेल्या पेशीही पुन्हा पेटतात. याला माझ्याकडे पुरावा नव्हता. वाक्य कानाला बरं लागलं, म्हणून लिहिलं.

तीन आठवड्यांनी यवतहून पत्र आलं. लिहिणारा तरुण शिंपी होता, बायको आणि आईसोबत राहणारा. त्याला क्षय झाला होता. लेख वाचून त्यानं रोज सकाळी उभं राहायला सुरुवात केली होती आणि पंधरा दिवसांपासून दवाखान्यात टोचून घ्यायच्या सुया बंद केल्या होत्या. आता हुशारी वाटते, असं लिहून त्यानं माझे आभार मानले होते. मी खूश होऊन ते पत्र आप्पांना वाचून दाखवलं.

"सुई बंद केली?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. आप्पांनी घंटेचा हातोडा दुसऱ्या शिपायाच्या हाती दिला, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि टोपी घालून निघाले. मला चला म्हणालेही नाहीत. मीच मागोमाग धावलो.

न्हावऱ्यापर्यंत एस.टी. मिळाली. पुढं बैलगाडीनं भीमेकाठी आलो, तर होडी पलीकडच्या तीरावर. एरवी अर्धा तास न हलणारे आप्पा त्या दिवशी काठावर येरझाऱ्या घालत होते आणि मी एका जागी बसून होतो. होडीत बसल्यावर त्यांनी मला लेखाचा शेवट वाचायला सांगितला. मी वाचला.

"हे मी कवा म्हणलो?"

"तुम्ही नाही. मी."

होडी टेकताच ते आधी उतरले आणि यवतच्या वाटेला लागले.

शिंप्याचं दुकान यवतला हमरस्त्यावरच होतं. मशीन बंद होतं आणि तो भिंतीला टेकून बसला होता. बोलताना दम घ्यायला मधे थांबत होता. सुईनं कानात आवाज येतात, चक्कर येते, म्हणून लेख वाचल्यावर फार बरं वाटलं, असं त्यानं सांगितलं. त्याची आई आम्हाला चहा देताना माझ्याकडे ज्या आदरानं बघत होती, तो आदर मला सोसवेना.

आप्पा त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"ज्यानं मला हे शिकवलं, त्याला हाच रोग व्हता," ते म्हणाले. "रोज उभा ऱ्हायचा. खोकून रगत पडायचं, तोंड पुसून पुन्हा उभा. मन शांत व्हतं त्याचं. पर त्याच वॉर्डात मेला तो. मीच उचलला. तवा ही सुई न्हवती. आसती, तर त्याला दाबून धरून टोचायला लावली आसती."

मी कित्येक महिने त्या माणसाबद्दल ऐकत होतो. त्याचं पुढं काय झालं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

शिंपी हलक्या आवाजात म्हणाला, "पण आप्पा, सरांनी लिहिलंय ना."

"मी चुकीचं लिहिलं," मी म्हणालो. त्या खोलीत एवढं एकच वाक्य मला बोलता आलं.

त्याच दुपारी आप्पा त्याला दवाखान्यात घेऊन गेले. कानातल्या आवाजाबद्दल त्यानं डॉक्टरांना काही सांगितलंच नव्हतं, ते आप्पांनी सांगायला लावलं. डॉक्टर चिडले, पण सुयांचं प्रमाण बदलून त्यांनी उपचार पुन्हा सुरू केले.

त्यानंतर दीड वर्ष आप्पा एक रविवार सोडून यवतला जात होते. आधी दवाखान्याचा कागद बघायचे. वाचता येत नसे, पण नवा शिक्का ओळखत. मग दोघं परसात उभे राहायचे. मी साप्ताहिकाला चूक कबूल करणारं पत्र पाठवलं. ते शेवटच्या पानावर, केसाच्या तेलाच्या जाहिरातीखाली छापून आलं.

पुढं माझी दौंडच्या शाळेत बदली झाली. आप्पा निवृत्त होऊन केंदूरला गेले. दर दिवाळीनंतर भेटीला जायचं ठरवायचो आणि दर वेळी काहीतरी काम निघायचं. मग त्यांच्या मुलाचं कार्ड आलं. चार दिवसांच्या तापानं आप्पा गेले होते.

दहाव्याला मी गेलो. अंगणात भावकीतली माणसं बसली होती. त्यांच्यातच एक भरल्या अंगाचा माणूस बसला होता, शेजारी बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. त्यानं उठून नमस्कार केला तरी मी ओळखलं नाही. यवत म्हटल्यावर ओळखलं. आप्पांच्या बायकोनं त्या मुलीच्या हातावर गूळ ठेवला आणि तिला जवळ बसवून घेतलं.

दुपारी कुणीतरी सांगितलं, गाडी फाट्यावर आली. उशीर झाला होता. शिंप्यानं मुलीला खांद्यावर घेतलं, बायकोला पुढं घातलं आणि चढाच्या वाटेनं पळत सुटला. कंडक्टरनं दार धरून ठेवलं होतं. त्यानं आधी बायकोला चढवलं, मग मुलीला, मग तो पायरीवर चढला. वळून आमच्याकडे हात केला आणि तिथूनच मोठ्यानं ओरडून सांगितलं, "सर, यवतला या." मधे कुठंही थांबावं लागलं नाही त्याला.