व्याह्यांचं अकरा दिवसांचं टाइमटेबल

माझे व्याही आजवर कुणाचंही ऐकून थांबलेले नाहीत. सिग्नल लाल झाला तरी ते स्वतःच्या मर्जीनंच थांबतात, आणि शेजारच्या बसवाल्याला तसं समजावूनही सांगतात. मी मूळचा सांगलीचा. बँकेच्या बदलीनं चेन्नईत अड्यारला आलो आणि इथलाच झालो. तेही आता चेन्नईतच राहतात, पण मूळचे तंजावरचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून मराठीच बोलणाऱ्या घरातले. माझ्या मुलीनं त्यांच्या मुलाशी लग्न केलं आणि माझ्या शांत पेन्शनीला हे गृहस्थ कायमचे चिकटले. मुलीच्या बापानं व्याह्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. मुलगी म्हणते, "बाबा, हे आता कोण मानतं?" मी मानतो. त्या रीतीनंच माझा घात केला.

तीस वर्षं ते रेल्वेच्या टाइमटेबल विभागात होते. निवृत्त झाले ते कागदावर. घरात इडली सात बावन्नला पानात पडते, पावणेआठला नाही आणि आठला तर नाहीच. खिशात एक छोटी वही असते. तिच्यात उशीर किती आणि कारण काय, हे दोन रकाने. एकदा टी. नगरला विहीणबाई साडीच्या दुकानात ठरल्यापेक्षा जास्त रमल्या, तर हे त्यांना तिथंच सोडून बसनं घरी आले आणि वहीत लिहिलं, "सतरा मिनिटें लेट. कारण: जांभळी कीं मोरपंखी." त्या घरात प्रेम मराठीत आणि राग तमिळमध्ये चालतो. विहीणबाई पुढचा आठवडाभर तमिळच बोलल्या.

सत्तरी गाठल्यावर गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पोंगल होऊन महिनाभरानं ऑपरेशन करू, मग मात्र लांब सायकल चालवणं विसरा. विसरा म्हटल्यावर यांना जे आठवलं, ते म्हणजे सायकलवरून तंजावर. त्यांच्या फोनवर मुलानं एक एआय घालून दिलं होतं, औषधांच्या वेळा कळाव्यात म्हणून. हे त्याला 'तंबी' म्हणायला लागले, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, आणि त्याला हुकूम सोडला, "तंबी, मजला सायकलीवर तंजावरास जाणें आहे. बेत कर." त्यांच्या या 'मजला'ला आमची सांगलीकडची मंडळी तोंडावर पदर घेऊन हसतात. तंबी हसला नाही, हे त्यांना फार आवडलं.

पण म्हणून त्याला सोडतील तर ते व्याही कसले. तंबीनं चार दिवसांचा सुटसुटीत बेत दिला, तर यांनी तो परत पाठवला, कारण त्यात 'दुपारपर्यंत पोहोचाल' असं लिहिलं होतं. "दुपार ही काय वेळ झाली? दहा बेचाळीस म्हण, दहा त्रेचाळीस म्हण." तंबीनं बिचाऱ्यानं मिनिटं घातली. मग एका सकाळी मला फोन. "व्याहीबोवा, या. तंबी सांपडला." मी चहा तसाच सोडून धावलो. तिसऱ्या दिवसाचं जेवण तंबीनं भर मिठागरात लावलं होतं, जिथं मैलभर खानावळ नाही. "तेथें काय खावें, मीठ?" त्यांनी खडसावलं. तंबीनं लगेच लिहिलं, चूक झाली, ठिकाण बदलतो, आणि निघण्याआधी तुम्हीही एकदा चौकशी करा. हे खुर्चीत मागं रेलले. "तीस वर्षांत एका साहेबानें मजजवळ चूक कबूल केली नाही," ते म्हणाले. त्या दिवसापासून तंबी घरचा झाला.

हा हट्ट कशासाठी, ते मला उशिरा कळलं. तंजावरला त्यांची थोरली बहीण असते, अक्का, चौऱ्याऐंशीची. तिनंच यांना सायकल शिकवली. मुलींनी सायकलवर बसायचं नाही असा घरचा दंडक होता. मागून सीट धरून पळायला मात्र कुणी मना केलं नव्हतं. पळता पळता ती विचारायची, "सोडूं का?" आणि हे ओरडायचे, "नको." तेव्हाची घंटा त्यांनी पुढच्या प्रत्येक सायकलला लावली. आता अक्काची दृष्टी गेलीय आणि फोनवर ती आवाजही विसरते. "वर्षानें गेलों तर ओळखील कीं नाहीं ठाऊक नाहीं. आत्तां घंटा तरी ओळखील," एवढं बोलून ते तंबीवर विनाकारण उखडले.

चेन्नईबाहेरच्या ओरगडमहून मुलीचा फोन आला. जावई तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात आहेत, दोघंही काळजीनं अर्धी झालेली. "बाबा, अप्पा आमचं ऐकत नाहीत. तुम्ही नाही म्हणा." व्याह्यांना नाही म्हणायचं? माझी जीभच उचलेना. मग मी एक शहाणपणा केला. म्हटलं, नकार तंबीच्या तोंडून येऊ दे, त्याला कुठली आलीय रीत. व्याही कॉफी करायला आत गेल्यावर त्यांच्या फोनवर मी सगळं टाइप केलं: वय सत्तर, गुडघा कामातून गेलेला, रक्तदाब, सोबत कुणी नाही. तंबीनं काय करावं? तो म्हणाला, जाऊ द्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तर चार दिवसांऐवजी अकरा दिवस घ्या, रोज तीसेक किलोमीटर, उन्हाआधी मुक्काम, आणि सोबतीला घाई नसलेला एक माणूस असावा.

व्याही कॉफी घेऊन आले. वाचलं. "तंबीला हें सगळें कोणीं सांगितलें?" मी कॉफीच्या पेल्यात बघत राहिलो. "सरि," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "घाई नसलेला माणूस हजर आहे."

डॉक्टरांनी अकरा दिवसांचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, असं हळू जाणार असाल तर जा, दुखलं की उतरा. मुलानं तरीही विरोध केला. त्याला हे म्हणाले, "मीं जन्मभर लोकांस वेळेवर पोंचविलें. आतां मजला उशिरां पोंचायचें आहे, पण माझ्या पायानें." मुलीनं मला विचारलं, "बाबा, तुम्हीसुद्धा?" मी आयुष्यात प्रथमच चढ्या आवाजात म्हणालो, "हो, मीसुद्धा."

आणि निघालो. माझी सायकल उसनी, पोट माझं स्वतःचं. पहिल्याच दिवशी ठरल्या वेळेला चाळीस मिनिटांचा चुना लागला. यांनी वही काढली आणि लिहिलं, "कारण: व्याही." दुसऱ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. पाँडिचेरीच्या पुढे त्यांचा गुडघा सुजला, तास दीड तास एका देवळाच्या सावलीत पाय लांब करून बसले, तरी वहीत कारण व्याहीच. माझी मांडीची कातडी सोलवटली होती, मी जोरात सांगितलं की हे खोटं आहे. "असूं दे," ते म्हणाले, "तुम्हांस कोण विचारतो?" मला राग यायला हवा होता. मी उरलेला मुरुक्कू, म्हणजे इथली चकली, त्यांच्या पुढे केला.

अकराव्या दिवशी तंजावरच्या त्यांच्या गल्लीत शिरलो. अक्का ओट्यावर बसली होती, पांढरे डोळे रस्त्याकडे. यांनी घंटा वाजवली. ती हलली नाही. पुन्हा वाजवली. हा माणूस यासाठी अकरा दिवस गुडघा दाबत आला होता. तिसऱ्या घंटेला म्हातारी उठली, भिंत चाचपत पायरी उतरली, सायकलच्या मागं आली आणि दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.

"सोडूं का?" तिनं विचारलं.

हे सीटवरच होते, पाय जमिनीला टेकलेले. "नको," ते म्हणाले, इतकं हळू की मलाच कसंबसं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मी एकटा परतलो. ते पंधरा दिवस राहिले. त्यांचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन गॅलरीत मिनिटं मोजत चालतात आणि तंबीला उगाच नवे रस्ते विचारतात. परवा माझ्याकडे येऊन त्यांनी फोनवरून अक्काला घंटा वाजवून पाहिली. अक्काला आता तीही ओळखू येत नाही. त्यांची सायकल आता माझ्याकडे आहे आणि वहीसुद्धा त्यांनी मलाच दिलीय. तिच्यात शेवटच्या पानावर लिहिलंय: "तंजावर. दोन तास दहा मिनिटें लेट. कारण: व्याही." आणि त्याखाली: "परत निघणें: लेट. कारण: अक्कानें सीट धरली आहे."