उरलेली नावं

ताईंनी बारा वर्षं रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात फोन उचलले. चाळिशी उलटल्यावर त्या प्रोग्रामिंग शिकल्या आणि त्याच इमारतीत दोन मजले वर जाऊन बसल्या. तिथे सगळे त्यांना मागून ‘फोनवाली’ म्हणत. त्यांना कळत होतं. त्या दाद देत नसत.

डायलिसिसच्या रुग्णांना घरून आणायची यादी संगणकावर होती. रोज सकाळी प्रोग्रामचा एक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांतला एक धागा, ती वरून खाली वाचत गाड्या पाठवायचा. त्याच वेळी कुणी येणं रद्द केलं, की दुसरा थ्रेड त्याचं नाव खोडायचा. वाचता वाचता यादी बदलली, की एरर येऊन प्रोग्राम बंद पडे. ताईंच्या विभागाच्या साहेबांनी तो एरर गिळून टाकणाऱ्या दोन ओळी घातल्या. बंद पडणं थांबलं, पण एरर आला त्या दिवशी यादीतली उरलेली नावं वाचलीच जात नसत. एक निवृत्त शिक्षिका दारात खुर्ची टाकून चार तास गाडीची वाट बघत बसल्या, तेव्हा ताईंनी कारण शोधून काढलं.

त्या दोन ओळी तपासून ठीक आहेत, असा सहीचा कागद साहेबांनी ताईंपुढे सरकवला.

“मी सही करणार नाही,” ताई म्हणाल्या.

“अहो, महिन्यातून एखाद्या वेळी होतं. फार तर यादीची कॉपी काढा आणि ती वाचा.”

“कॉपी काढतानाच कुणी नाव खोडलं तर? आधी लॉक घ्यायचं, म्हणजे तोवर दुसऱ्या कुणाला यादीला हात लावता येत नाही, मग कॉपी काढायची, लॉक सोडायचं. खोडणाऱ्यानंही तेच लॉक घ्यायचं. आणि गाडी सोडण्याआधी मूळ यादीत नाव अजून आहे का, ते बघायचं.”

“सगळं मंद होईल. आणि काल फोन उचलणाऱ्या तुम्ही मला शिकवणार?”

“उचलत होते म्हणूनच सांगतेय. गाडी आली नाही की माणसं भांडत नाहीत, साहेब. हळूच विचारतात, माझं नाव आहे ना?”

घरी नवरा शिवणयंत्रावर होता. सगळं ऐकून त्याने विचारलं, “नोकरीवरून काढून टाकलं तर?”

“टाकू दे.”

त्याने चाक थांबवलं. “मग नकोच करूस सही.”

आठवडाभरात ताईंनी बदल लिहिला, चाचणीसाठी दोनशे थ्रेड एकाच यादीवर सोडले आणि दिवसभर चालू ठेवले. एकही नाव सुटलं नाही. उशीर मोजण्याइतकाही नव्हता. साहेबांनी बदल मुकाट्याने घेतला, पण ताईंच्या वार्षिक अहवालात लिहिलं: जुळवून घेत नाहीत.

ताईंनी ते वाचून बाजूला ठेवलं. रक्तपेढीच्या यादीच्या प्रोग्राममध्येही एरर गिळणाऱ्या तशाच दोन ओळी त्यांना सापडल्या होत्या. त्या ओळींचा कागद घेऊन त्या उठल्या आणि दार न वाजवता साहेबांच्या खोलीत शिरल्या.