जयवंताबाई गाडीतून उतरल्या

नत्थूजींना काळ्या मातीत फसणार नाही अशी गाडी हवी होती, आणि ती चालवणं परवडायलाही हवं होतं. या दोन अटी एका गाडीत सहसा नांदत नाहीत. पण हिंगणघाटात जुन्या गाड्या विकणाऱ्या प्रफुलने जमवून दिलं: चारही चाकांनी ओढणारी, धिप्पाड, मूळची पेट्रोलची, मागाहून गॅसचं किट बसवलेली. मागची सगळी जागा सिलिंडरनेच खाल्लेली. नत्थूजींना कुठे सामान न्यायचं होतं! त्यांना बायकोला, जयवंताबाईंना न्यायचं होतं.

उन्हाळ्यात बायको न्हाणीत पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनने हाड जुळलं, पायात मात्र म्हणावा तसा जोर आला नाही. त्याहून वाईट म्हणजे तिने घराबाहेर पडणंच सोडलं. आपल्याला कुणीतरी उचलतंय आणि लोक बघताहेत, या कल्पनेनेच जयवंताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं होई. उभा जन्म शेतात काढलेली बाई खिडकीला पाठ करून बसू लागली. नत्थूजी रोज संध्याकाळी येऊन कपाशी कुठवर आली ते सांगत. ती नुसतं हं म्हणे. त्या एका हंने या माणसाचा जीव तुटत असे.

प्रफुलने गाडी एक दिवस चालवून बघायला दिली. नत्थूजींनी मनाशी ठरवलं, आधी हिला शेत दाखवायचं. हिला मानवली तर गाडी घ्यायची, नाहीतर आपल्या एकट्याला हे धूड कशाला? जयवंताबाई एका अटीवर तयार झाल्या: कुठेही उतरणार नाही, बसूनच पाहणार. नत्थूजींनी गाडी घराच्या ओट्याला अशी चिकटवून लावली की त्या सरकतच सीटवर गेल्या. कुणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत.

पण जुनी गाडी विकणाऱ्याचा हात गॅस भरताना फार आखडतो. हायवेला लागेपर्यंत काटा तळाला टेकला, पेट्रोलची टाकी तर कोरडीच. समोर गॅसचा पंप होता म्हणून बरं. रांगेत नंबर आला आणि पंपावरच्या माणसाने सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, हा नियम साऱ्या जगाला ठाऊक. जन्मभर ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओतणाऱ्या नत्थूजींना तो ठाऊक नव्हता. त्यांनी विनवलं. पंपावरच्याला वाईट वाटलं, पण त्याचाही इलाज नव्हता.

नत्थूजींचं तोंड एवढंसं झालं. ते खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "आपण वापस जाऊ. मी गाडी ढकलत नेतो, पण तुले उतरवत नाई."

जयवंताबाईंनी त्या अवाढव्य गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या काटकुळ्या दंडांकडे. त्यांनी पदर सावरला.

"ढकलता कायले," त्या म्हणाल्या. "उतरवा मले."

लग्न झाल्यापासून त्याने चारचौघांत तिचा हातही धरला नव्हता. आता तिने दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले, डोळे गच्च मिटले, आणि त्याने तिला अलगद खाली उभं केलं. तिच्या कंबरेभोवतीचा हात त्याने तसाच ठेवला.

जयवंताबाईंनी डोळे उघडले. कुणी हसत नव्हतं. रस्त्यापलीकडे कुणाचं तरी कपाशीचं वावर बोंडं फुटून पांढरं झालं होतं. किती महिन्यांनी अंगाला मोकळा वारा लागत होता.

गॅस भरून झाला. नत्थूजी तिला उचलायला वाकले.

"थांबा जी," ती म्हणाली. "मी पाहून राह्यली ना."

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, त्याच्यामागे आणखी एकाने. बायकोचा विषय निघाला की 'आमच्या घरचे' म्हणून मान खाली घालणारे नत्थूजी वळले आणि त्यांनी हात वर केला.

"थांबा ना भाऊ जरासे. माही बायको उभी हाये."

हॉर्न बंद झाले. जयवंताबाई कपाशीकडेच पाहत होत्या. त्यांनी नवऱ्याचा खांदा घट्ट धरला.

"गाडी घेऊन टाका," त्या म्हणाल्या. "अन् वावरातबी असंच उतरवजा मले."